कार्डावर नसलेली चार मिनिटं

नाना, आज सकाळी मी चपला न काढताच कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो. कार्डं पंच करणाऱ्या बाई ओरडल्या, "अहो, धूळ!" बाहेर आलो, चपला काढल्या, परत आत गेलो, आणि कशाला आत आलो होतो तेच आठवेना. पुन्हा बाहेर. तुमचा दहावा होऊन तीन दिवस झाले, माझं हे असंच चाललंय. खुर्चीत बसवत नाही. हात सारखा मागच्या खिशाकडे जातो, वेस्टचा, सुती चिंध्यांचा बोळा शोधायला. मशीनवर होतो तेव्हा तेलाचे हात पुसायला तो खिशात असायचाच. इथं हाताला पुसण्यासारखं काही लागत नाही. निदान मला तसं वाटायचं.

तुमचं वय, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं सेक्शनच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय. त्याच्या वर एक ओळ आहे, 'अत्यंत शांत स्वभावाचे सेटर'. वाचून मला तिथंच हसू फुटलं आणि आवरेना. शांत! सुपरवायझरला "सायेब, जरा लांब हुभं ऱ्हावा, शर्टावर तेल उडंल" म्हणून पिटाळणारा माणूस शांत?

पण एका गोष्टीबद्दल तुम्ही खरंच शेवटपर्यंत शांत राहिलात, आणि ती गोष्ट माझी होती. तीच सांगायला बसलोय. तुम्ही शिकवलंत तशीच सांगतो, क्रमानं, हात मागे बांधून. हातात पेन आहे तेवढं चालवून घ्या.

तुमच्या हाताखालचा माझा पहिला दिवस. उदगीरकडून आलेलो. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, म्हणून माझं शिक्षणही सातवीपर्यंत. वीस वर्षांचा होतो आणि कारखान्याचा भोंगा वाजला की दचकायचो. तुम्ही मला मशीनपुढं उभं केलंत आणि म्हणालात, "ए मराठवाडा, हात मागं बांध."

"काय चुकलं, नाना?"

"चुकाय तू अजून केलंयस काय? हात मागं बांध आन् तोंडानं जॉब काढ."

ऑटो म्हणजे आपोआप चालणारी लेथ. पितळेचा लांब बार एका बाजूनं आत सरकतो, वरच्या कॅम, म्हणजे उंचसखल कडांच्या चकत्या, फिरत एकेक हत्यार पुढं आणतात, आणि तयार नग खाली ट्रेमध्ये पडतो. एकदा चालू झाली की माणसानं नुसतं बघायचं. सेटरची सगळी अक्कल चालू करण्याच्या आधी लागते. कुठली कॅम, कुठलं हत्यार, कशाच्या नंतर काय. तुमच्या सेक्शनमध्ये हे सगळं तोंडानं म्हणून दाखवल्याशिवाय कुणाचा हात मशीनला लागत नव्हता. बाकी सेक्शनवाले हसायचे, ऑटोवाले मंत्र म्हणतात म्हणायचे.

मी म्हणू लागलो. बार आत येतो. पकड बसते. पहिलं हत्यार तोंड साफ करतं. "मंग?" मग ड्रिल. "मंग?" मग आटे पडतात. "मंग?" मग कापून खाली पडतं आणि परत पहिल्यापासून.

"आन् बार संपला म्हंजी?"

ते मी म्हटलंच नव्हतं.

"त्ये आदी सांगायचं. चालू करायला कुनालाबी येतं. थांबायचं कसं, त्ये पैलं ठरव."

दुसऱ्या महिन्यात तुम्ही मला दिघीला घेऊन गेलात, तुमच्या घराला लागून असलेली खोली दिलीत. येता-जाता भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्या शेडच्या जागी पूर्वी तुमचा हरभरा होता ते सायकलवरून बोट करून दाखवायचात. आवाजात राग नसायचा. पत्ता सांगावा तसं सांगायचात. तुमच्या कारभारणीनं, माईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्यात तिखट किती खात्यात?" आणि उत्तराची वाट न बघता ठेचा वाढला. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला असं कुणी वाढलं की पुढचे कित्येक महिने ते पुरतं.

आता सात नंबर. तुम्ही तिला म्हातारी म्हणायचात. बाहेरदेशी कुणीतरी आयुष्यभर वापरून काढलेली आणि आपल्या कंपनीनं आणलेली मशीन. तिच्यात नवा बार घालायची वेळ आली की तुम्ही तिला चार मिनिटं बंद ठेवायचात. बेअरिंगवर पालथा हात ठेवायचा, तेल सोडायचं आणि तसंच उभं राहायचं.

"काय करता, नाना?"

"धाप लागलीया तिला. बसू दी जरा."

"कार्डावर काय लिहू?"

"काय न्हाई."

मशीन बंद राहण्याची चार कारणं रोजच्या कामाच्या कार्डावर छापलेली होती. माल नाही, वीज नाही, हत्यार तुटलं, माणूस नाही. धाप लागणं त्यात नव्हतं. आणि बेअरिंग तापतं असं कुणी वेगळं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी म्हातारी भंगारात गेली असती, ही तुमची भीती. तिचे नग दिवसाकाठी थोडे कमी भरायचे, पण तपासणीतून एक नग कधी परत आला नाही. ती चार मिनिटं सेक्शनमधल्या सगळ्यांना ठाऊक होती. मलाही. मी तीन वर्षं तिच्यावर तुमच्या शेजारी उभा होतो.

कँटीनजवळच्या फळ्यावर ती नोटीस लागली तेव्हा तुम्ही मला वाचायला लावलीत. चष्मा विसरलाय म्हणालात. तुम्हाला चष्मा नव्हताच, नाना, हे मला फार उशिरा कळलं. कंपनीत कॉम्प्युटर आलाय, त्याचे प्रोग्रॅम लिहायला अधूनमधून कामगारांतूनही माणसं घेणार, मॅट्रिक पास पाहिजे, प्रोग्रॅमिंगचा कोर्स पाहिजे, वर कंपनीची परीक्षा.

"म्हंजी काम काय आसतं?"

"मशीननं काय काय करायचं, कशाच्या नंतर काय, ते आधीच सगळं लिहून द्यायचं. मग ती आपोआप करते."

तुम्ही नोटिशीवर बोट टेकवलंत. "मंग आपन हितं काय करतोय? कॅमच की ती. जा तू."

"नाना, मी सातवी झालोय."

"मंग आठवी हो."

इतकं सोपं करून टाकलंत. मला मात्र त्या दिवसापासून जी धाकधूक लागली ती आजतागायत आहे. चिंचवडच्या संध्याकाळच्या शाळेत माझ्या बाकावर माझ्याहून लहान माणसं बसायची आणि माझ्याआधी हात वर करायची. शाळेसाठी मला कायम पहिली पाळी हवी होती. माझ्या वाटच्या दुसऱ्या पाळ्या तुम्ही अंगावर घेतल्यात. सेक्शनमध्ये टोमणे सुरू झाले. "नाना, जावई करताय काय मराठवाड्याला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोरगी न्हाई मला, म्हनून तर बिनघोर पाळी देतोय."

पहिल्या खेपेला मॅट्रिकला इंग्रजीत उडालो. निकाल घेऊन दिघीला आलो आणि सरळ ट्रंक भरायला घेतली. तुम्ही दारात उभे. "म्हातारी तरी पैल्या सेटिंगात लागली व्हती का कधी?" एवढंच. ट्रंक मी परत खाटेखाली सरकवली. कंपनीची एक भरती गेली, दुसरी गेली. दुसरी गेली तेव्हा मी पास झालेलो होतो, पण कोर्स व्हायचा होता.

पुण्यातला तो रविवारचा वर्ग मी तुम्हाला कितीदा सांगितला असेल. सगळं इंग्रजीत. कोबॉल नावाची भाषा, तिच्यात एक टिंब विसरलं की पानभर चुका. पहिले दोन महिने मी वहीत नुसती फळ्याची नक्कल उतरवत होतो, देवनागरीत उच्चार लिहून. मग एका रविवारी सर म्हणाले, आपल्याकडे मशीन नाही, तुमची कार्डं दुसरीकडे जाणार, उत्तर यायला आठवडा लागणार, तेव्हा कार्डं देण्याआधी एकेक ओळीवर बोट ठेवून प्रोग्रॅम तोंडानं चालवून बघा. मला मोठ्यानं हसू आलं. सरांनी उभं केलं. "काय झालं?"

"सर, हे मला येतं."

त्या वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. आणि खरंच येत होतं, नाना. बँकेतली, ऑफिसातली शिकलेली मंडळी थेट लिहायला घ्यायची आणि मध्येच अडकायची. मी हात मागे बांधायचो.

निवड झाली त्या दिवशी तुम्ही मला अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "उद्यापास्नं पाय धुऊन येत जा. तितं चपला काढून बसत्यात म्हनं. देवळात कारकून लागलास तू." मग वेस्टनं हात पुसत राहिलात, पुसून झाले तरी.

आणि तिथं माझा पहिलाच प्रोग्रॅम सुरू झाला तो थांबेचना. एकच ओळ, पानांमागून पानं, कागदाची अख्खी पेटी. शेवटची ओळ आली की थांबायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. संध्याकाळी अंगणात तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "कुनी शिकीवलं रं तुला?"

"तुम्हीच."

"मंग माजं नाव सांगू नगंस तितं."

तेव्हा मीही हसलो होतो.

चार महिन्यांनी मोठ्या साहेबांनी काम दिलं. प्रत्येक मशीन किती वेळ चालते, किती वेळ कारणानं बंद असते, आणि किती वेळ विनाकारण. हिशोब साधा होता. पाळीचे तास घ्यायचे, निघालेल्या नगांना लागणारा वेळ वजा करायचा, कार्डावर लिहिलेल्या कारणांचा वेळ वजा करायचा. उरेल त्याच्यापुढं छापायचं, 'बंद, कारण नाही'. शेजारी सेटरचा बिल्ला नंबर. प्रोग्रॅम मी आठवडाभर तोंडानं चालवला. या वेळी थांबायचंसुद्धा आधी लिहिलं. कागद बाहेर आला तो आखीव, सरळ रांगांचा. मला इतकं छान वाटलं, नाना. मग सगळ्यात वरची ओळ वाचली. सात नंबर. तुमचा बिल्ला.

मला एका क्षणात कळलं. ती चार मिनिटं होती ती. दिवसातून इतके बार, प्रत्येक बाराला चार मिनिटं, सगळी एका जागी गोळा होऊन तुमच्या नावापुढं उभी होती.

वर्षभराच्या प्रोबेशनवर होतो. खोलीतले सगळे पदवीधर, मी बाहेरून मॅट्रिक झालेला ऑटोवाला. साहेबांपुढं जाऊन काय म्हणू, मशीनला धाप लागते म्हणू? हसतील, आणि हसले की परत पाठवतील. असं मी मला सांगितलं. कागद फाडला, म्हणजे कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, नीट घडी घातली आणि वर पाठवून दिला.

तुम्हाला सात नंबरवरून काढून नगांच्या कडेला राहिलेली बर घासायच्या बाकावर बसवलं. म्हातारीवर नवा ऑपरेटर आला, चांगला होता, हुशार, त्याला कुणी काही सांगितलं नाही आणि त्यानं तिला एक मिनिट थांबवलं नाही. आकडे वाढले. तिसऱ्या आठवड्यात बेअरिंग जाम. शाफ्ट चिरला. चौकशीत लिहिलं गेलं, आधीच्या सेटरच्या चुकीच्या सेटिंगमुळे. तुमच्या हातात मेमो.

त्या रविवारी अंगणात तुम्ही दोरी वळत बसला होतात. पलीकडे लष्कराच्या कुंपणात कवायतीची शिट्टी वाजत होती. मी उभाच.

"तुला ठावं व्हतं," तुम्ही म्हणालात.

"कार्डावर नव्हतं, नाना. कॉम्प्युटरला फक्त कार्डावरचं कळतं."

"व्हय. कार्डावर न्हवतं."

"तुम्हीच लिहू दिलं नाही कधी." माझा आवाज चढला होता. "लिहिलं असतं तर…"

"त्येबी खरं हाय." दोरीला पीळ देत राहिलात. "पन तू व्हतास की तितं."

त्यावर मी काहीतरी बोललो. नियम, पद्धत, माझं काम निव्वळ छापण्याचं. खूप बोललो. तुम्ही दोरी बाजूला ठेवलीत. माईंनी चहा आणला तो घेतला, आणि पावसाळी भेंडीचं काय झालं ते सांगायला लागलात. पुढेही तसंच. भेटायचो, बोलायचो, जेवायचो, त्या वाक्याच्या कडेनं जपून चालत.

खंडेनवमीला मी खाली सेक्शनमध्ये आलो होतो. मशीन पुसून, हार घालून उभ्या होत्या. दर वर्षी ऑटोचा नारळ तुमच्या हातून फुटायचा. या वर्षी सुपरवायझरनं नव्या ऑपरेटरच्या हातात दिला. मेमोवाल्या माणसाकडून पूजा कशी करून घ्यायची, हा त्यांचा विचार. तुम्ही मागच्या रांगेत, टोपी हातात घेऊन. सात नंबर कोपऱ्यात ताडपत्रीखाली बंद पडलेली, तिला हार नव्हता. सगळे प्रसादाला वळल्यावर तुम्ही ताडपत्रीची कड उचललीत, झेंडूचं एक फूल बेअरिंगवर ठेवलंत आणि हात तसाच ठेवून उभे राहिलात. मी मनात मोजलं. चार मिनिटं.

तेव्हा ठरवलं होतं, प्रोबेशन संपलं की लगेच सांगायचं. आधी पक्का होऊ दे. आणखी तीन महिने, आणखी दोन. तुम्ही काही त्या आकड्यासाठी थांबणार नव्हतात.

दहाव्याला माई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मराठवाड्याचं पक्कं झालं का, म्हनून रोज इचारायचं." मग त्यांनी ते सांगितलं. मेमोवरून युनियनवाले घरी आले होते. ती चार मिनिटं खरी होती असं कुणीतरी सांगितलं पाहिजे, वर कॉम्प्युटरच्या खोलीत तुमचा पोरगा आहे, त्याचं नाव देऊ, असं म्हणाले. तुम्ही त्यांना अंगणातूनच परत पाठवलंत. "त्येचं पक्कं होऊ द्या आदी. मेमो काय, कागुद हाय." आणि मला याचा सुगावा लागू दिला नाहीत. मी माझ्या नोकरीसाठी गप्प बसलो होतो, नाना, आणि तुम्हीही माझ्याच नोकरीसाठी.

पक्कं झाल्याचं पत्र आलं तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी. अजून घडी मोडून कुणाला दाखवलेलं नाही. दहाव्यानंतरचे तीन दिवस मी त्या खोलीच्या आतबाहेर करत काढले, ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

आज दुपारी साहेबांकडे गेलो. जाताना जिन्यात सगळं तोंडानं चालवलं. बार आत येतो, तिथपासून. वाटेत एक पंचिंगवाल्या बाई भेटल्या, त्यांना वाटलं मला ताप आलाय.

पुढं काय होईल ते ठाऊक नाही. साहेबांनी शेवटी कोरा कागद पुढं सरकवला, तो भरून, सही करून आलोय. तुमचा मेमो मागे घेतील, की मला एक नवा देतील, की दोन्ही, की काहीच नाही. खाली ऑटोवर परत पाठवलं तर सात नंबर दुरुस्त करायला मागेन, एवढं ठरवलंय. थांबायचं कसं ते या वेळी आधी ठरवून गेलो होतो. पण कागद नंतरचा. त्याआधीचं तुम्हाला सांगायचं राहिलंय.

साहेब "बसा" म्हणाले. मी बसलो नाही. हात मागे बांधले आणि सांगितलं. चार मिनिटं कशी, का, किती वर्षं. माझ्या प्रोग्रॅमनं त्यांचं काय केलं. कागद वर पाठवताना मला ठाऊक होतं, हेही.

"तेव्हा का नाही बोललात?"

"प्रोबेशनवर होतो, साहेब. भ्यालो."

"आणि आता भीती गेली?"

"नाही, साहेब."

त्यांनी सात नंबरची कार्डं मागवून घेतली होती. एकेक उलटून बघितलं. मग चष्मा काढला. "अहो, पण ह्यात एकाही कार्डावर ही चार मिनिटं नाहीत. कुठंच नोंद नाही. कशावरून धरायचं मी हे?"

मी म्हणालो, "मी होतो तिथं."